नकाशाबाईंची वस्ती

नकाशाबाई उत्तरेकडे तोंड केल्याशिवाय मोबाइलवरचा नकाशा उघडत नसत. सोलापुरात सात रस्ता चौकाच्या भर गर्दीतही रिक्षा थांबवायच्या, खाली उतरून उत्तरेकडे वळून उभ्या राहायच्या. मागून कितीही हॉर्न वाजोत. शाळेत मला भूगोल त्यांनीच शिकवला. निवृत्त झाल्यावर त्या आमच्याच इमारतीत राहायला आल्या आणि माझी शाळा पुन्हा सुरू झाली.

फोनमधली बाई ‘उजवीकडे वळा’ म्हणाली, की या चिडायच्या. “पूर्वेकडे म्हण की गं! उजवं-डावं माणसाबरोबर फिरतं.” रिक्षावाला हसला, तर त्यालाही दिशा विचारायच्या.

नकाशातल्या चुका कळवायचं त्यांना वेडच होतं. दवाखाना हलला, गिरणी बंद पडली, की बाईंनी दुरुस्ती पाठवलीच. पण केम गावाजवळची त्यांची माहेरची वस्ती काही केल्या नकाशात येईना. तिथे थोरले भाऊ, दादा, एकटे राहायचे. ते आजारी पडले तर ॲम्ब्युलन्सला घर कसं सापडणार, हा बाईंच्या जिवाला घोर. दर वेळी उत्तर यायचं, पुरावा अपुरा. मग बाईंची शाळेतली भाषा पार गळून पडायची. “मी तितं जन्मले की! आणि कसला पुरावा पायजे ह्यांना?”

शेवटी फोटो काढायला मला गाडी घेऊन नेलं. कॅमेऱ्याचं तोंड उत्तरेलाच हवं, म्हणून मी बाभळीच्या काट्यांत उभा. दादा वैतागले, “मला समदी वळखत्यात. नकाशाला कशाला दावती?”

“तू गप हुबा ऱ्हा,” बाई म्हणाल्या.

या खेपेला वस्ती नकाशात आली. बाईंनी इमारतभर पेढे वाटले.

गेल्या उन्हाळ्यात बाई दादांकडे राहायला गेल्या आणि छातीत कळ येऊन त्याच कोसळल्या. ॲम्ब्युलन्स कुणाला न विचारता थेट दारात आली. स्ट्रेचरवरून बाईंनी ड्रायव्हरला विचारलं, “सापडली का वस्ती?”

“व्हय बाई. नकाशात हाय की.”

बाई खुदकन हसल्या, असं दादा सांगतात. दवाखान्यात वेळेवर पोचल्या, पण वाचल्या नाहीत. मला त्यांच्यावाचून अजून करमत नाही.

परवा मी दादांना म्हटलं, “एकटे राहू नका, सोलापूरला आमच्याकडे चला.”

“नगं बाबा,” दादा म्हणाले. “मी हितं हाय म्हणून तिनं समद्या जगाला सांगून ठेवलंय.”