चुडा भरणारे हात

राहात्याच्या बाजारात परवा एक मुलगी हाताला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळून स्वतःच बांगड्या चढवताना दिसली. सरसर चढल्याही. युक्ती नामी आहे, तरी माझं मन उगाचच खट्टू झालं. आम्हाला आपला हात दुसऱ्याच्या हातात देऊन बसायची सवय.

तो दुसरा हात आमच्या कासारीण मावशींचा. लग्नघरी चुडा भरायला बसल्या की त्यांची नजर सगळीकडे फिरे, फक्त नवरीच्या हाताकडे नसे. कुणाच्या सुनेला दिवस गेले, कोण कुणावर रुसलंय, अशी चौकशी चाललेली असताना बोटं मात्र अंगठ्याखालचा मांसल भाग दाबून मऊ करीत, सांधे हलकेच जवळ आणीत. काच कुठे अडली आणि किती रेटा सोसेल, हे त्या बोटांनाच ठाऊक. माझ्या जाड हाडाच्या हातावरदेखील त्यांची एकही बांगडी वाढली नाही. फुटली म्हणायचं नाही, वाढली म्हणायचं. पण शब्द बदलला म्हणून भीती थोडीच जाते! लग्नाच्या चुड्यातली बांगडी वाढली की बायका एकमेकींकडे बघतात आणि ते बघणं नवरीच्या मनात घर करून राहतं.

माझ्या लेकीच्या लग्नात पहिलीच बांगडी वाढली. मग दुसरी. लेकीच्या मनगटावर रक्ताचा थेंब आला. जाऊबाई माझ्या कानाशी लागल्या, "दुसरी कुणी बोलवा." एकीकडे मावशींची जन्माची अब्रू, दुसरीकडे लेकीचा शकुन. आईचं मन कुठे झुकणार? मी उठलेच होते, तेवढ्यात मावशींनी हात थांबवले.

"पोरी, शुगरनं माजी बोटं बधिर झाल्यात. काच अडली तरी कळत न्हाई, म्हनून जोर जास्त लागतोय. आता तूच सांग. रुतली की बोल, सैल लागली की बोल. लाजू नको."

लेकीनं डोळे मिटले. "इथं टोचतंय... जरा फिरवा... हां, आता सरकवा." मावशी मान खाली घालून ऐकत होत्या. एकेक बांगडी सांध्यावरून उतरत गेली आणि शेवटची मनगटात आली तेव्हा दोघीही घामाघूम झाल्या होत्या.

मावशींनी भरलेला तो शेवटचा चुडा. कसब कधीतरी हातातून जातंच. पण ते गेलं असं चारचौघांत म्हणायला फार मोठं काळीज लागतं, असं मला वाटत राहतं. लेक माहेरी आली की त्यांना भेटायला जाते. मावशी तिचा हात हातात घेतात आणि अजूनही गरजेपेक्षा जास्तच घट्ट धरतात. तिला दुखतं; ते मात्र ती सांगत नाही.