दुखवट्याची टोपी

बोरिवलीच्या बागेत एक बाई रोज माझं डोकं खायची. तिचा मुलगा सिनेमातला हिरो. आपला जोडीदार पुरुष आहे हे त्यानं जगाला सांगितलं, तेव्हापासून ही तसल्या पोरांच्या आईबापांना गाठत हिंडायची. बोलता बोलता शेंगा सोलून समोरच्याच्या हातात कोंबायची. माझा पोरगाही तसाच, म्हणून मी सापडलो.

बायको गेली की आमच्यात सोयरे नवऱ्याला नवी टोपी घालून दुखवटा काढतात. माझी गेली, तेव्हा माझ्याकडे टोपी घेऊन आला पोराचा तो दोस्त! मी दारातूनच परत पाठवला.

"तो कुठला सोयरा, बाई?" मी खेकसलो.

"मग भाऊ, बाकीचे सोयरे किती आले?"

एकही आला नव्हता. वैताग नुसता! तिच्यासमोरच पोराला फोन लावला, "रविवारी दोघंही या. टोपी त्यालाच आणू दे."