सानिकाचा अपूर्ण गणपती

बातमीत चूक गेली तर दुसऱ्या दिवशी खुलासा छापायचा, ही आमच्या धंद्याची रीत. एक चूक मात्र — चूक तरी कशी म्हणू? — मी कुठे छापली नाही, घरीही बोललो नाही. तुम्हालाच पहिल्यांदा सांगतोय.

टाळेबंदीचं वर्ष. लालबागच्या आमच्या चाळीतली पोरं घरात कोंडलेली. रविवारी मी त्यांचा चित्रांचा ऑनलाइन वर्ग घ्यायला लागलो. काय काय फुकट सापडायचं तेव्हा! एका साइटवर एक रेघ ओढली की तिच्या अनेक होऊन रांगोळी उमलायची. दुसरीवर नुसता कोरा फळा — सगळ्यांनी आपापल्या घरून एकाच वेळी रंगवायचा.

"काका, ह्या ओमकारने माझ्या समुद्रात डबल डेकर घातली बघा!"

"समुद्रात नाय गं, मरीन ड्राइव्हला आहे ती!"

तो गलका अजून आठवतो. इतकं हसणं त्या वर्षी दुसरीकडे कुठे होतं?

गणपतीला मंडळाने ठरवलं — मूर्ती छोटी आणायची, मागे मुलांपैकी एकाचं चित्र फ्लेक्सवर लावायचं. निवड माझ्याकडे. मुलांना मी सोमवारपर्यंत मुदत दिली.

सानिका बारा वर्षांची. तिचे वडील परळच्या कारखान्यात मूर्ती रंगवायचे. त्या वर्षी मोठ्या मूर्तीच नव्हत्या, ते घरी बसून होते. चित्रातली का होईना, बाबांच्या पद्धतीची मूर्ती मंडपात लागावी — हे तिनेच मला सांगितलं होतं. रविवारी संध्याकाळी फळ्यावर तिचा गणपती होता. पीतांबराच्या चुण्या, सोंडेवरची नक्षी, सगळं फोनवर बोटाने काढलेलं. डोळ्यांच्या जागा तेवढ्या पांढऱ्या.

शेजारी माझ्या मुलीचं, इराचं चित्र. मोदक, समई, तोरण. नीटनेटकं. बस्.

मंडळाच्या सेक्रेटरीचा फोन आला. "काय रे, झालं का? फ्लेक्सवाला खोळंबलाय. सानिकाचा बाप्पा भारी आहे, पण डोळे कुठायत?"

काय सांगायला हवं होतं? उद्या काढेल — एवढंच ना? मी म्हणालो, "अर्धवटच सोडलंय तिने. इराचं पूर्ण आहे."

इराचं लागलं. चाळभर कौतुक झालं. ते मी ऐकून घेतलं — आवडलंही.

सानिका भांडली नाही. पुढच्या रविवारी वर्ग संपला, बाकीची पोरं गेली, ती स्क्रीनवर थांबली. "काका, डोळे शेवटी काढतात ना. तुम्हाला माहीत नव्हतं?"

"नाही गं. मला कुठून माहीत असणार?"

माझं लहानपण परळच्या त्या कारखान्यांच्या दारात गेलं. डोळे आखायच्या दिवशी आम्हा पोरांना दटावून गप्प बसवत. मोठा कारागीर सगळं रंगकाम आटोपून, हात धुऊन, बारीक ब्रश घेऊन मूर्तीसमोर उभा राहायचा. आम्ही श्वास रोखून बघायचो. कितीतरी वर्षं बघितलं.

मला माहीत होतं.