रविवारचा अर्धा तास

त्या वर्षी आमच्या पलटणीला हिमनदीवर पाठवलं. मी तेव्हा हवालदार होतो. सतरा हजार फुटांच्या वर एक पोस्ट, तिच्यावर आम्ही बारा जण, मुक्काम नव्वद दिवसांचा. रत्नागिरीच्या माणसाला बर्फ म्हणजे मासळीच्या खोक्यात भरतात तो, एवढंच ठाऊक. पहिल्या आठवड्यात मी दोनदा ओकलो. तिसऱ्या आठवड्यात रोप पार्टीचा पुढचा माणूस झालो, कारण माझा पहाडी कोर्स झाला होता आणि पोस्टवर दुसऱ्या कोणाचा झाला नव्हता.

दिवस ठरलेला असे. उजाडायच्या आधी स्टँड-टू, म्हणजे प्रत्येकाने हत्यार घेऊन आपापल्या मोर्चात उजेड पडेपर्यंत उभं राहायचं. मग चहा. सहा वाजता चार जणांची रोप पार्टी खालच्या वाटेवर निघे. चौघेही एकाच दोराला बांधलेले. वरून सपाट दिसणाऱ्या बर्फाखाली खोल भेगा असतात, म्हणून पुढच्या माणसाने काठीने बर्फ ठोकत जायचं. वाटेच्या दोन्ही बाजूंना बांबूला बांधलेल्या लाल झेंड्या असत. नव्या बर्फात बुडालेल्या झेंड्या उपसून पुन्हा लावायच्या, अर्ध्या वाटेवर खालच्या पोस्टच्या पार्टीला भेटायचं आणि परत यायचं. पुढच्या माणसाच्या डोळ्यांवर मागच्या तिघांचा जीव असतो.

पोस्टवर ख्रिस्ती मी एकटा होतो. पलटणीत असताना मंदिर परेडला मी सगळ्यांबरोबर उभा राहायचो, आरतीला टाळ्या वाजवायचो, प्रसाद खायचो. त्याचं मला वावडं नव्हतं आणि माझ्या प्रार्थनेचं कोणाला नव्हतं. पोस्ट कमांडर नायब सुभेदार मोरेसाहेबांनी पहिल्याच रविवारी ऑर्डर दिली, "साळवीची प्रार्थना असते. रविवारी रोप पार्टी साडेसहाला निघेल." विषय संपला. त्या अर्ध्या तासात मी शेल्टरच्या कोपऱ्यात गुडघे टेकायचो. जवान चेष्टा करायचे, "साळवी, बुखारी धूर ओकतेय तेवढं तुझ्या देवाच्या कानावर घाल." मी घालायचो. बुखारी, म्हणजे आमची रॉकेलची शेगडी, तरीही धूर ओकायची.

माझ्यामागे दोराला दुसरा माणूस असे लान्स नाईक दत्ताराम मयेकर. भाट्ये गावचा. आमचं घर रत्नागिरी शहरात, त्याचं खाडीवरचा पूल ओलांडल्यावर, पण आमची ओळख झाली ती दोन हजार किलोमीटर लांब येऊन. वडील तो लहान असतानाच वारलेले, आई मासळी विकायची, हा एकुलता. मला दादा म्हणायचा. पहिल्यांदा हिमनदी बघून तो म्हणाला होता, "दादा, आयेला हितं आनली तर बांगडं वर्सभर टिकवील." आम्ही सगळे हसलो होतो.

एका शनिवारी परतताना मला वळणावरच्या दोन झेंड्या वाकलेल्या दिसल्या. दोन्ही एकाच बाजूला. याचा अर्थ खालचा बर्फ बसतोय. वाट तिथे वीस फूट डावीकडून काढायला हवी होती. वारा वाढला होता, हात बधिर झाले होते. सकाळी निघताना आपणच पुढे असणार, तेव्हा बघू, असं मी मनात म्हटलं. पोस्टवर पोचल्यावर मोरेसाहेबांना रिपोर्ट दिला, "वाट ठीक." झेंड्यांचं बोललो नाही. फौजेत शिकवतात की पाहिलेली गोष्ट पोटात ठेवायची नाही, लगेच रिपोर्ट करायची. सोळा वर्षांच्या नोकरीत मी हे शंभर पोरांना शिकवलं होतं.

दुसरा दिवस ईस्टरचा रविवार. पावणेसहाला खालून रेडिओवर हवामान आलं. आठपासून जोराचा वारा.

मोरेसाहेब आत आले. "साळवी, आज थांबता येणार नाही. पार्टी सहालाच निघेल."

मी गुडघ्यावरून उठलो. दत्ताराम बूट बांधत होता. त्याने मान वर केली. "दादा, तुमी बसा. आज तुमचा मोटा सण. मी जातो फुडं."

मोरेसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "जाऊ दे साहेब. वाट त्याला माहीत आहे."

आणि मी परत गुडघे टेकले. झेंड्या माझ्या लक्षातच नव्हत्या.

सहा चाळीसला रेडिओ वाजला.

"पार्टी फॉर पोस्ट. पुढचा माणूस गेला. ओव्हर."

"पोस्ट फॉर पार्टी. कुठे? ओव्हर."

"वळणावर. ओव्हर."

तो शब्द येण्याआधीच मला जागा कळली होती. वीस मिनिटांत आम्ही पाच जण तिथे पोचलो. दोर तुटला नव्हता, मागच्या तिघांनी तो धरून ठेवला होता. पण कडेचा बर्फ दत्तारामच्या पाठोपाठ खाली गेला होता आणि तो त्याखाली गाडला गेला होता. मी उतरलो. साधारण तीस फूट. फावडं चालवायला जागा नव्हती, हातांनी उकरलं. आठ वीसला त्याला वर घेतलं. मोरेसाहेबांनी नाडी पाहिली आणि टोपी काढली. तोवर वारा सुटला होता. हेलिकॉप्टर तिसऱ्या दिवशी आलं. दत्तारामबरोबर खाली जायची परवानगी मी मागितली. माणसं कमी होती, मिळाली नाही.

चौकशी झाली. दोर कसा होता, बर्फ किती होता, पार्टी किती वाजता निघाली, सगळं विचारलं गेलं. विचारलं त्याची उत्तरं मी दिली. आदल्या दिवशी काय पाहिलं हे कोणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

पुढे सुभेदार होऊन निवृत्त झालो आणि रत्नागिरीत एका बँकेत गार्ड म्हणून लागलो. पहाटे साडेचारला जाग येते, ती सवय सुटलेली नाही. उठून गुडघे टेकायचो, पण शब्द येत नसत. डोळे मिटले की वळण दिसायचं. तरी अर्धा तास तसाच बसायचो, ड्यूटी म्हणून. रविवारी मंडळीत उपासनेला जायचो, गीतं म्हणायचो. प्रभुभोजनाच्या दिवशी भाकरीचं ताट समोर आलं की त्यातला तुकडा न घेता ते तसंच बायकोच्या हातात द्यायचो. हिमनदीपासून धरलं तर हे नऊ वर्षं चाललं. रूथने, म्हणजे माझ्या बायकोने, कधी विचारलं नाही.

विचारलं ते मासळीवरून. दत्तारामची आई भाट्याच्या पुलाजवळ बसायची, हे मला ठाऊक होतं. मी त्या रस्त्याने जायचंच सोडलं होतं. गुहागरला कामानिमित्त गेलो की येताना तिथून मासळी आणायचो. एकदा चिपळूणहून आणली, तेव्हा मात्र रूथचा संयम संपला. "अहो, समुद्र आपल्या दारात आणि तुम्ही चिपळूणहून सुरमई आणता? लोक हसतात मला." त्या दिवशी सुरमई शिळीच निघाली.

गेल्या वर्षी ईस्टरच्या आधी पाळकसाहेब घरी आले. सकाळच्या उपासनेत मी प्रार्थना चालवावी असं त्यांचं म्हणणं होतं. मी नको म्हटलं. का, म्हणाले. मग मी सांगून टाकलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा. झेंड्यांसकट. रूथ स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती.

पाळकसाहेबांनी चहाचा कप बाजूला ठेवला. मला वाटलं, आता क्षमेवर प्रवचन होईल.

"भाट्ये किती लांब?" त्यांनी विचारलं.

"पूल ओलांडला की आलं."

"मग पूल ओलांडा. देवापुढे तुम्ही नऊ वर्षं बसताय. तिच्यापुढे एकदाही बसला नाहीत."

मला राग आला. पाळकसाहेब गेल्यावर मी रूथला म्हणालो, यांना काय कळतंय, कधी रायफल धरलीय का हातात. रूथ म्हणाली, "सोमवारी तुमची सुट्टी आहे ना?" एवढंच.

सोमवारी सकाळी सात वाजता मी गेलो. दत्तारामची आई मासळीच्या पाटीमागे बसली होती. पार्वती मयेकर, वय सत्तरीच्या आसपास, हातात कोयती. मी नाव सांगितलं, पलटण सांगितली. तिने मान वर केली. "साळवी? माज्या दत्तूचा दादा?"

"होय काकी."

"लय वर्सांनी आलास."

मी उभ्या उभ्याच सांगितलं, रिपोर्ट देतात तसं. शनिवारी काय पाहिलं, कोणाला सांगितलं नाही, रविवारी पुढे जायची पाळी माझी होती, तो माझ्या जागी गेला, मी प्रार्थनेला बसलो. हात पाठीमागे धरले होते.

"झेंडं वाकलंला तुला ठावं व्हता?"

"होय."

"आनि तू बोलला नायस."

"नाही बोललो."

तिने बांगड्याचं डोकं उडवलं. "जा आता," म्हणाली.

मी गेलो. पुढच्या सोमवारी परत आलो. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, मागून आलेल्या दोघांना मासळी दिली. मी पाऊण तास उभा राहिलो आणि परतलो. तिसऱ्या सोमवारीही तेच. माफी मिळवायला मी जात नव्हतो, हे मला दुसऱ्या खेपेलाच कळलं. तिला शिव्या द्यायच्या असतील तर माणूस समोर हवा, म्हणून जायचं. ठरवलं होतं की ती हाकलून देईपर्यंत यायचं आणि हाकलून दिलं तरी यायचं.

यात एक गोष्ट झाली, ती मला अपेक्षित नव्हती. पहाटेच्या प्रार्थनेत शब्द यायला लागले. स्वतःसाठी नाही, तिच्यासाठी. तिचे गुडघे दुखतात, उठताना ती पुलाचा कठडा धरते, हे मी पाहिलं होतं. ते मी प्रभूला सांगायचो. वळण दिसायचं थांबलं नाही, पण त्याच्यासमोर बसून राहता येऊ लागलं. ईस्टरला प्रार्थना मी चालवली नाही. पाळकसाहेबांना म्हटलं, अजून काम बाकी आहे. ते हो म्हणाले. घरी रूथ एकदा म्हणाली, "तुम्ही जेवताना बोलायला लागलात हल्ली." मला समाधान वाटत होतं आणि त्याची लाजही वाटत होती. तिचा मुलगा गेला आणि मला शांती मिळतेय, हा काय न्याय?

पाचव्या सोमवारी तिने पाटीशेजारचा लाकडी पाट पायाने माझ्याकडे सरकवला. "बस. डोक्यावर उबा राहू नको."

मी बसलो.

"येक इचारू? तो सोताहून गेला फुडं, का तू पाठवलास?"

"स्वतःहून म्हणाला काकी. मी जाऊ दिलं."

तिने मासळीवरच्या माश्या हाकल्या. मग बोलली, पाटीकडे बघतच.

"दर आठवड्याला फोन करायचा. येकदा हसत हसत सांगितलान, आये, आमच्यात येक दादा हाय, रविवारी कोपऱ्यात गुडघं टेकतो, आमी सगळं त्याची मस्करी करतो. मी रागावली त्याला. मी म्हटला, देवाच्या नावान बसलंल्या मानसाला उटवू नये. त्या टायमाला त्याचा काय काम आसंल ता तू करायचास." तिने पदराने नाक पुसलं. "मीच सांगितला त्याला. मीच पाठवला फुडं. नऊ वर्सा झाली, कोनाकडं बोलली नाय."

मी म्हणालो, "काकी, यात तुमचं काही चुकलं नाही."

"माजा नाय चुकला. तुजा चुकला. ता मी नाय म्हननार नाय." आता ती माझ्याकडे बघत होती. "पन तू येऊन सांगितलास तरी. मला सांगायला मानूस पन नव्हता रे."

मला रडू आलं. सुभेदार माणूस, भर बाजारात, मासळीच्या पाट्यांमध्ये. तीही रडली. एक गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं आणि काही न विचारता निघून गेलं. मग काकीने कोयती उचलली आणि मी नको नको म्हणत असताना चार बांगडे साफ करून पिशवीत घातले.

आता मी रोज बँकेत जाताना पुलावरून जातो. वाट लांब पडते, पण जातो. तिची पाटी गाडीवरून उतरवून देतो, दोन शब्द बोलतो, कधी बोलणं होतही नाही. पहाटे प्रार्थना, मग पूल, मग ड्यूटी. माझी शांती एवढीच आहे आणि ती रोज नव्याने उठून करावी लागते. एखाद्या दिवशी वळण पुन्हा दिसतं. त्या दिवशी मी पुलावर जरा लवकर जातो.

गेल्या महिन्यात मंडळीत प्रभुभोजन होतं. त्याआधी पाळकसाहेब विचारतात, कोणाला कोणाची आठवण करायची आहे का. मी उभा राहिलो. लान्स नाईक दत्ताराम लक्ष्मण मयेकर, गाव भाट्ये, वय सव्वीस, असं नाव घेतलं. हा मुलगा माझ्या चुकीमुळे, माझ्या जागी गेला, हे सगळ्यांसमोर सांगितलं. रूथने माझा हात धरला होता.

पाळकसाहेबांनी विचारलं, "प्रार्थनेत आणखी कोणाचं नाव घ्यायचं?"

मी त्याच्या आईचं नाव सांगितलं.