बापावर हसले तो दिवस

"भुंक रे. पावण्यांना दाखव, कशी राखण करतोस."

अण्णा असं म्हणाले आणि माझा बाप भुंकला.

भर दुपारी. अण्णांच्या नव्या बंगल्याची वास्तुशांत होती. पोर्चमध्ये पंगत बसलेली. बाप पायरीवर दोन्ही हात टेकून. अण्णा आमच्या गावचे मोठे बागायतदार. त्यांची पोरगी माझ्या वर्गात, नववीत, म्हणून मला बोलावणं. नायतर बौद्धवस्तीतली पोर त्या पंगतीत कोण बसवतं?

बंगला माझ्या बापानंच बांधला होता. तो गवंडी. घोडेगावपासून शिनोलीपर्यंत त्याच्या हाताला नाव होतं. प्यायचा आधीपासून. पण त्या सकाळी बंगल्यामागं त्याच्या हातात बाटली दिली ती अण्णांनी. मी पाहिलं होतं.

पावणे हसले. माझ्या शेजारी अण्णांच्या नात्यातल्या मंचरच्या पोरी होत्या, त्या हसल्या. हा माझा कोण, त्यांना माहीत नव्हतं. कळू नये म्हणून मीपण हसले. मोठ्यानं.

बापानं मान वर केली. मला हसताना पाहिलं. मला वाटलं, त्याला वाटतंय पोरगी खूश झाली. कारण तो पुन्हा भुंकला. माझ्याकडं बघून.

मी जेवण पुरं केलं. जिलेबी दुसऱ्यांदा घेतली. हेही सांगितलं पाहिजे.

रात्री बापाच्या चपलेच्या आवाजावरनं मला कळायचं, आज किती झालीय. घासत आली की मी विळी पत्र्यामागं लपवायचे आणि धाकट्या भावाला घेऊन शेजारी जायचे. भाऊ सातवीत गेला तरी अंथरूण ओलं करायचा. आई मार खाऊन सकाळी दुसऱ्याच्या शेतात टोमॅटो तोडायला. शाळेत बाईंनी विचारलं, वडील काय करतात, की मी म्हणायचे, "बाहेरगावी असतात." मैत्रीण कधी घरी आणली नाही. शुद्धीवर असला की बाप मला ओळंबा धरायला शिकवायचा. "बग, भित सरळ हाय का." त्या मायेचीसुद्धा मला लाज वाटायची.

दिवाळीनंतर अण्णांची मोटारसायकल दारात आली.

"पुण्याचं पावणं आल्यात. बापाला पाठव. जरा गंमत."

बाप आत चप्पल शोधायला लागला. मी दारात आडवी उभी राहिले.

"न्हाई येणार त्ये."

"लई शिकलीस का गं?" अण्णा हसले.

बापानं माझ्या थोबाडीत मारली. "अण्णांना उलटं बोलतीस?" म्हणाला आणि त्यांच्या मागं गाडीवर बसला.

मी चालत गेले. गाल जळत होता. पोचले तेव्हा बाप पायरीवर, ग्लास हातात. पावणे खुर्च्यांवर. एकानं मोबाईल समोर धरलेला.

"मी ह्यांची पोरगी," मी म्हणाले. "ह्यो बंगला ह्यांनी बांधलाय. ह्यांना भुंकायला लावायचं असंल तर मी हितंच बसते. लावा."

कुणी हसलं नाही. मोबाईल खिशात गेला. अण्णा माझ्याकडं न बघता म्हणाले, "घेऊन जा ह्याला."

वाटेत बाप मला शिव्या देत राहिला. मग बांधावर बसला आणि रडला. म्हणाला, "त्या दिशी तू बी हसली व्हतीस."

त्याला कळलं होतं. सगळं कळलं होतं.

"व्हय," मी म्हणाले.

दारू सुटली नाही. मी नर्सिंगला असताना तो लिव्हरनं गेला. अण्णा मातीला आले होते. आमच्याच लोकांनी सरकून त्यांना पुढं जागा दिली. मी पण सरकले.

तेव्हापासून झोप लागत नव्हती. एकदा समाजमंदिरात दारूबंदीसाठी बायकांची बैठक होती. कोण काय बोलतंय ते ऐकायला अण्णांची माणसं दाराशी उभी. मी उठले आणि सगळं सांगितलं. पहिल्यांदाच.

घरी आल्यावर आई म्हणाली, "गेल्याल्या माणसाचं चारचौघांत कशाला काढतीस? आपलीच अब्रू जाती."

जाऊ दे. मी काढणार. बाप प्यायचा, आम्हाला मारायचा, ते सांगणार. मी हसले, ते सांगणार. आणि पाजत कोण होतं तेही सांगणार, नावानिशी, त्याच्या तोंडावर.