फोटोंच्या डब्याचा पहिला मान

रामनगरात कंटेनर म्हटलं की माणूस आधी रस्त्याकडं बघतो. बेळगावहून गोव्याकडं जाणारा तो रस्ता आमच्या अंगणाला घासूनच जातो. माझ्या डोळ्यांदेखत गेलेले कंटेनर एकामागं एक उभे केले असते, तर रांग चंद्राला वळसा घालून परत आली असती आणि शेवटच्या ड्रायव्हरांना चहा आमच्याच घरी प्यावा लागला असता. त्याच रस्त्यावर मी ट्रकच्या सुट्या भागांचं दुकान चालवलं. गुडघ्यांनी राजीनामा दिला तसं ते पुतण्याच्या हवाली केलं आणि घरी बसलो. कंटेनरांशी संबंध संपला, असं तेव्हा वाटलं होतं.

मग मुलीनं पेटी आणली.

मुलगी बेंगळूरला कॉम्प्युटरच्या नोकरीत आहे. आमच्या भागातल्या काळी नदीवर सुपा धरण बांधलं, त्याची वीज तारांवर बसून तिकडं गेली, आणि शिकून-सवरून मुलगीही त्याच वाटेनं गेली. आमच्याकडं दोघीही जमेल तेव्हा येतात. एका दिवाळीला ती येताना ही काळी पेटी घेऊन आली. बुटांच्या खोक्यापेक्षा थोडी मोठी, मागं पंखा, पोटात दोन हार्ड डिस्क. जिन्याखाली, तांदळाच्या पिंपाशेजारी तिनं ती मांडली आणि म्हणाली, "घरातले फोटो, कागद, गाणी, सगळं आता हितं. परक्याच्या दारात काय बी ठेवायचं न्हाई, अप्पा."

पेटीतले प्रोग्रॅम एकमेकांच्या पायात येऊ नयेत म्हणून प्रत्येकाला वेगळ्या डब्यात ठेवतात, आणि त्या डब्यालाच कंटेनर म्हणतात, हे तिनं मला समजावलं. मी आपला डबाच म्हणत राहिलो. फोटोंचा डबा, शेताच्या कागदांचा डबा, भजनांचा आणि सिनेमांचा डबा, फोनवरच्या जाहिराती अडवणारा डबा. शिवाय एक डेटाबेसचा. तो स्वतः काहीच दाखवत नाही, मागं बसून फक्त बाकीच्यांची माहिती सांभाळतो.

या सगळ्यांवर देखरेख ठेवायला तिनं एक टूल घातलं होतं. टॅबवर उघडलं की डब्यांची नावं खालोखाल, आणि प्रत्येकापुढं दिवा. चालू असला तर हिरवा, पडला असला तर लाल. शेजारी उठवायचं बटण. आमच्याकडं वीज गेली की परत येताना एकदम येत नाही. नव्या सुनेसारखी उंबऱ्यावर घुटमळते, आत येते, परत बाहेर जाते. म्हणून मुलीनं डबे आपोआप उठणार नाहीत असं करून ठेवलं होतं. "वीज स्थिरावली असं तुमाला वाटलं की तुमी उठवा," ती म्हणाली. मला वाटलं की! अख्ख्या जोयडा तालुक्यात एवढा अधिकार तहसीलदाराला नसेल. रात्री एकदा तरी वीज जायचीच, म्हणून रोज सकाळी आंघोळ करून, गंध लावून मी टॅब घेऊन बसू लागलो.

त्या दिवसांत एकदा माझा मेव्हणा आला. हिचं माहेर जोयड्याच्या आत, डोंगरात. शिमग्याला तिथं देवापुढचा पहिला नारळ कुणाचा, पालखीला पहिला खांदा कुणाचा, हे घराण्यांप्रमाणं ठरलेलं. एका वर्षी दुसऱ्या मानाच्या माणसानं चुकून पहिला नारळ उचलला, तर गावात कित्येक शिमगे होळी पेटली नाही, असं मेव्हणा सांगतो. मी सांगतो तेव्हा त्यात पाऊसही पडायचा थांबलेला असतो.

मेव्हण्यानं माझ्या खांद्यावरून टॅबात डोकावून बघितलं.

"दाजी, ह्यात पयला मान कुणाचा?"

"मान कसला? बटणं हायत ती."

"बटणं असू द्यात की. पर तुमी एकामागनं एक दाबताय न्हवं? मग वळीत पयला कोण?"

मी आजवर कुठूनही सुरुवात करत होतो, हे त्याला सांगायची लाज वाटली. तो म्हणाला, "फोटोत कोण कोण हाय?"

"माझे आई-बाप. तुझे आई-बाप. त्यांचे आई-बाप, जेवढे सापडले तेवढे."

"मग ते पयले. त्यात इचारायचं काय? आन ह्यो खालचा?"

"डेटाबेस. तो दिसत न्हाई, मागं राबतो."

"मग त्यो शेवटी. राबणारा माणूस शेवटीच जेवतो." विषय संपला. चहा पिऊन तो बस पकडायला गेला.

दुसऱ्या दिवसापासून पहिला मान फोटोंच्या डब्याला. बटण दाबलं की तो उठायचा, डेटाबेसला हाक मारायचा, डेटाबेस बिचारा अजून झोपलेला, की हा पुन्हा आडवा. लाल. मी फोन लावला.

"अप्पा, डेटाबेस आधी उठवा. मग फोटो उठवा."

"व्हय, बाई."

आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा फोटोच आधी. आई-बापांना दारात उभं करून, थांबा, आत गड्याचं आवरायचंय, असं कुठल्या तोंडानं सांगायचं? हे झालं एक कारण. दुसरं कारण फोन.

पेटी यायच्या आधी मुलीचा फोन यायचा तो आईला. मायलेकी तासभर बोलायच्या, आणि शेवटी, भाजीवर कोथिंबीर टाकावी तसा फोन माझ्याकडं यायचा. "जेवलात?" "जेवलो." "गोळी घेतली?" "घेतली." "मग ठेवते." ट्रक ड्रायव्हरांना रात्रभर हसवून त्यांचा माल उशिरा पोचवणारा मी, पोटच्या पोरीपुढं माझ्याकडं तीन शब्दांवर चौथा नसायचा.

लाल दिव्यानं तो चौथा शब्द दिला. सकाळी ती ऑफिसच्या बसमध्ये, बेंगळूरच्या गर्दीत अडकलेली असायची. फोन थेट तिच्या कानाशी, मध्ये आई नाही. ती म्हणायची डेटाबेस उठवा, मी उठवायचो. मग म्हणायची, "आता फोटो उठवा. उघडून बघा, एखादा दिसतोय का." मी उघडायचो.

"दिसतंय. तुझी आज्जी हाय. म्हशीवर रागावल्यासारखी."

"का रागावली?"

बस. मला एवढंच लागायचं. त्या म्हशीनं आज्जीचं लुगडं खाल्लं, काठापदरासकट, आणि पुढं आठवडाभर तिच्या दुधाला हिरवी छटा यायची, हे मी तिला सांगितलं. आमचे आजोबा कुळगीच्या जंगलात गव्यासमोर आले तेव्हा गव्यानंच वाट सोडली, कारण आजोबांनी तंबाखू मळायला घेतली होती आणि गव्याला शिंक आवरेना, हेही सांगितलं. ती बसमध्ये खदखदून हसायची. शेजारच्या सीटवरची बाई काय म्हणत असेल, अप्पा, असं म्हणायची आणि पुन्हा विचारायची, "मग?"

माझा स्वभाव असा की साधं "लाल झालं" माझ्या तोंडातून कधी निघालंच नाही. सकाळपासून झुंजतोय, असं सांगायचो. पंखा हेलिकॉप्टरासारखा ओरडतोय, पेटी जिन्यासकट उडून लोंढ्याला उतरेल, असं सांगायचो. मुंग्यांची पलटण आत शिरली आणि मी एकेकीला नावानं हाक मारून बाहेर काढली, हेही एकदा सांगितलं. तिला गंमत वाटते, असं मी धरून चाललो होतो. वाटतही असेल. पण त्या गमतीतून, घरी म्हातारा बाप रोज सकाळी एका यंत्राशी झटतोय, हे तिनं वेगळं काढून ठेवलं.

मागच्या गणपतीला आली ती ठरवूनच आली होती. विसर्जन झाल्यावर जिन्याच्या खालच्या पायरीवर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली. ही समोर भाजी निवडत होती.

"अप्पा, खरं सांगा. ह्या पेटीचा तुमाला लई त्रास होतोय न्हवं?"

आता इथं एक साधं वाक्य पुरलं असतं. न्हाई बाई, मला आवडतं. पण समोर बायको, हातात आयता आलेला प्रसंग, आणि जिभेला कधी लगाम नाही. मी म्हणालो, "त्रास? अगं, डोळे गेले, कंबर गेली. जेवताना बी लाल दिवा दिसतो. परवा टमाटा कापला, तर मी त्यालाच उठवाय लागलो."

"बटणं दाबाय कंबर कुठनं लागती वो?" ही म्हणाली.

मी माझ्याच टमाट्यावर हसलो. ही पण हसली. मुलगी हसली नाही. "म्हणूनच बदलणार हाय मी," ती म्हणाली. "हे टूल तुमच्या जिवावर चालतंय. दुसरं घालते, ते सगळं आपोआप करतंय. पेटी आता बॅटरीवर बसवते. वीज गेली की पेटी स्वतः नीट झोपेल, वीज स्थिरावली की स्वतः उठेल."

मी शेजारी उभा राहिलो. तिनं काळ्या पडद्यावर एक ओळ लिहिली.

"पयला कुणाला थांबवणार?" मी विचारलं.

"सगळ्यांना एकदम."

आणि सगळे हिरवे दिवे एका दमात गेले. मग तिनं नव्या टूलची फाइल उघडून दाखवली. त्यात दिवे नाहीत, बटणं नाहीत, नुसत्या ओळी. कुठला डबा कुठल्या डब्यावर अवलंबून, ते तिथं लिहून ठेवायचं. "हे बघा, डेटाबेस नीट उठून बसल्याशिवाय फोटो उठायचा न्हाई. आता ते कधी पडणारच न्हाई." मी चष्मा लावून बघितलं. वर डेटाबेस, खाली फोटो. मेव्हणा असता तर जेवण न करता निघून गेला असता.

तिनं भिंतीतली पिन ओढली. पेटी थोडा वेळ घरघरली आणि निवांत झोपली. पिन परत लावली, तशी चहा उकळायच्या आत सगळं आपलं आपण उठून बसलं. माझ्या आईचा फोटो स्वच्छ दिसला. कुणी दार उघडलं, कुणी ओवाळलं, काही नाही.

"जुनं बी असू दे की एका बाजूला," मी म्हणालो. आवाज शक्य तितका हलका ठेवला.

"दोन मालक झाले की घोळ हुतो, अप्पा. एकानं झोपवायचं, दुसऱ्यानं उठवायचं. कशाला? आता तुमी निवांत बसा."

निवांत हा शब्द तिनं एवढ्या मायेनं उच्चारला की मी मान डोलावली. तिनं जुनं टूल काढून टाकलं. जाताना बसच्या खिडकीतून पुन्हा म्हणाली, "आता कटकट संपली तुमची." मी हात हलवला.

त्यानंतर पेटीनं एकदाही दगा दिला नाही. यंदाच्या श्रावणात नदीनं, वाऱ्यानं, पडलेल्या झाडांनी सगळी वीज गिळली, तरी ती पेटी शहाण्या पोरासारखी झोपली आणि उठली. मी सकाळी आंघोळ करून, गंध लावून सवयीनं टॅब उघडायचो. जुन्या पत्त्यावर पान सापडत नाही, एवढीच ओळ. एखादा डबा पडला, असं खोटंच सांगावं, हेही मनात आलं. पण नव्या टूलमुळं तिला तिकडं बसून सगळं दिसतं. पिन ओढून ठेवली, तरी तिला निरोप जाणार की घरी वीज गेली, आणि आमच्याकडं वीज जाण्याला कोण विचारतो? माझी सगळी विद्या एका फाइलीतल्या ओळींनी निकामी केली. नव्या दिव्याच्या बदल्यात जुना जादूचा दिवा घेऊन जाणारा जादूगार गोष्टीत असतो. मी त्रास सांगून फोन घालवला.

फोन पुन्हा आईकडं यायला लागले. शेवटी मला कोथिंबीर.

परवा सकाळी राहवलं नाही. तिच्या बसच्या वेळेला मीच लावला. तिनं लगेच उचलला, आवाजात काळजी.

"काय झालं अप्पा? काय पडलं?"

"काय न्हाई. सगळं हिरवं असंल."

"हिरवंच हाय, मी आत्ताच बघितलं. मग?"

तेच "मग". आज्जीची म्हैस गोठ्यात उभी होती, आजोबांच्या हातात तंबाखू तयार होती. पण गोष्ट सुरू करायला काहीतरी पडलेलं लागतं, निदान मला तरी. दाराशी एक कंटेनर गिअर बदलत गेला.

"तुमची तब्येत बरी हाय न्हवं?"

"झकास."

"गोळी घेतली?"

"घेतली." मग मी म्हणालो, "थांब, तुझ्या आईला देतो."

ही पीठ मळत होती. ओल्या हातानं फोन कानाला लावून तिनं माझ्याकडं बघितलं, काय झालं म्हणून. मी मान हलवली आणि जिन्याखाली जाऊन बसलो. पेटीचा पंखा अगदी हळू फिरत होता. पलीकडं हिचं बोलणं सुरू झालं होतं. "व्हय, बरे हायत. न्हाई गं, उगाच लावला आसंल."