नंबरवाल्या सिस्टर

ओपीडीच्या मुख्य नर्सला सगळे पेशंट 'नंबरवाल्या सिस्टर' म्हणत. बावीस वर्षं त्या तिथेच होत्या. कोण आधी, कोण नंतर, कुणाला घेरी येतेय म्हणून मध्येच आत घ्यायचं, हे त्या नुसता चेहरा बघून ठरवत. रांगेतलं कुणी कुरकुरलंच तर म्हणत, "तुम्ही धडधाकट दिसता, हा काय माझा गुन्हा?" रांग हसायची.

साथ आली आणि मास्कमागे चेहरेच दिसेनासे झाले. त्यांच्या अकरा नर्सपैकी आठ जणी साथीच्या वॉर्डात नेल्या. जिथे रोज तीनशे माणसं यायची, तिथे साठच घ्यायची असा हुकूम निघाला. यादी सिस्टरांनी करायची. डॉक्टर सही करून मोकळे होत. 'येऊ नका' म्हणायचा फोन मात्र यांच्याच गळ्यात.

शिंपीमास्तर जुने मधुमेही. उजव्या पायाच्या अंगठ्याखाली जखम, दर चार दिवसांनी ड्रेसिंग. पाय इतका बधिर की मशीनचं पायडल मारताना रक्त आलं तरी कळायचं नाही.

"मास्तर, तीन आठवडे येऊ नका," सिस्टर फोनवर म्हणाल्या. "ड्रेसिंग घरीच करायचं. कसं ते मी काकूंना सांगते."

"तुम्ही म्हणाल तसं. आभाळच फाटलंय, सिस्टर. मी शिंपी असून मला ठिगळ लावता येत नाही, तुम्ही एकट्या कुठे कुठे लावणार?"

सिस्टर हसल्या. फोन ठेवल्यावर मात्र त्यांच्या मनात आलं, हा माणूस भांडला असता तर याला आपण यादीत घेतलं असतं. सकाळपासून जे भांडले, त्यांना घेतलंच होतं.

तीनाचे पाच आठवडे झाले. दर सोमवारी त्या फोन करत, मास्तरांची बायको उचलत असे.

"काकू, ताप आहे का? जखम काळी पडलीय?"

"छे हो. लालसर आहे. बरी दिसतेय."

सिस्टर नावापुढे 'ठीक' लिहीत आणि पुढचा नंबर लावत. मध्ये एकदा त्या मेट्रनकडेही गेल्या. "दोन दिवस तरी एक नर्स परत द्या. ड्रेसिंगची माणसं मागच्या दाराने घेते." मेट्रनने वॉर्डाच्या काचेकडे बोट दाखवलं. आत एक मुलगी चौदा खाटा सांभाळत होती. सिस्टर तशाच माघारी फिरल्या.

मग एका सकाळी मास्तर न बोलावताच आले, शेजाऱ्याच्या गाडीतून. सिस्टरांनी पट्टी सोडली. दोन बोटं काळी ठिक्कर पडली होती आणि काळेपणा पावलावर चढत होता.

"काकू, अहो, तुम्ही तर बरी आहे म्हणत होता!"

"माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन याच महिन्यात होतं ना," काकू म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "तुम्हीच फोन करून पुढे ढकललंत. मला जेवढं दिसलं, तेवढं सांगितलं."

ते नाव यादीत कुठे होतं, हे सिस्टरांना आठवेना. अशी नावं शेकड्यांनी ढकलली होती.

पाय गुडघ्याखाली कापावा लागला. चौथ्या दिवशी सिस्टर भेटायला गेल्या. "मास्तर, तुमचं नाव मीच मागे टाकलं होतं."

"कुणाचं तरी टाकावंच लागलं असतं," मास्तर म्हणाले. "पण माझंच का, हे सांगता येईल?"

सिस्टरांना उत्तर माहीत होतं. चादर सारखी करून त्या बाहेर आल्या.

त्यानंतर त्यांनी कुणालाही न विचारता जिन्याखाली एक बाक टाकला आणि रोज दोन ड्रेसिंग स्वतःच्या जेवणाच्या सुट्टीत करू लागल्या. बातमी पसरली. पहिल्या आठवड्यातच बाकापाशी रोज नऊ-दहा माणसं येऊन उभी राहू लागली. दोघांना बसवून बाकीच्यांना त्या म्हणत, "आज नाही जमणार." कुणीच भांडत नसे. जखम सांभाळत ती माणसं हळूहळू फाटकाकडे चालू लागत.